ह्वासाँगचा मुद्देमाल: ‘मेमरीज ऑफ मर्डर’ पाहून पडलेल्या प्रश्नांना उत्तर

तुम्ही विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. बाँग जून-हो यांचा २००३ सालचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा खऱ्या खुनांवरचा कोरियन चित्रपट पाहिला. त्यात पोलीस जो गोंधळ घालतात तो खरा की पटकथेसाठी रंगवलेला? वीर्याचा डाग मिळाला, डीएनए तपासणी झाली, तरी खुनी का सापडत नाही? मग २०१९ मध्ये, एवढ्या वर्षांनी, प्रत्यक्षातला खुनी कसा सापडला? आणि शेवटी, चित्रपटात ज्याच्यावर अखेरचा संशय येतो तो कारखान्यातला तरुण खुनी होता की नव्हता?

मी ३१ वर्षं न्यायसहायक प्रयोगशाळेच्या जीवशास्त्र विभागात काढली. रक्त, वीर्य, लाळ, केस हे आमचं रोजचं काम. पोलीस ठाण्यात ज्याला सीए (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट म्हणतात तो लिहिणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे या चित्रपटाकडे मी प्रेक्षक म्हणून फार वेळ पाहू शकत नाही. माझं लक्ष सारखं मुद्देमालाकडे जातं. पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या.

पहिला प्रश्न. दक्षिण कोरियात ग्यॉन्गी प्रांतातल्या ह्वासाँग या तेव्हाच्या शेतीवाडीच्या भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे आणि मुलींचे खून झाले. याच प्रकरणावर १९९६ साली एक नाटक आलं आणि त्या नाटकाचा आधार घेऊन बाँग यांनी पटकथा लिहिली. पात्रं कल्पित आहेत, पण तपासाची तऱ्हा कल्पित नाही.

दुसरं प्रेत सापडतं ते दृश्य आठवा. कॅमेरा कुठेही न तुटता एकसलग फिरत राहतो. बांधाखाली, भाताच्या खाचराच्या कडेला प्रेत पडलेलं आहे. वरच्या कच्च्या वाटेवर एक पाऊल उमटलंय आणि पार्क हा हवालदारी वळणाचा डिटेक्टिव्ह (साँग कांग-हो) त्याच्याभोवती गोल आखून ते जपायला धडपडतोय. मुलं धावताहेत, गावकरी बघायला जमलेत, साहेब लोक बांधावरून घसरून खाली पडताहेत. आणि पार्क ओरडत असताना एक ट्रॅक्टर शांतपणे त्या पावलावरून निघून जातो.

हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेले लोक हसले. मला घाम फुटला. ओल्या मातीतला ठसा ही फार नाजूक गोष्ट असते. आधी पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्यायचा, मग कडेने बांध घालून प्लास्टर ऑफ पॅरिस अलगद सोडायचं, ते सुकेपर्यंत कोणाला जवळ फिरकू द्यायचं नाही. अर्धा-पाऊण तास जातो. त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी माणसं थोपवून धरणारं कोणी नसेल, तर पुढे कोणतीही प्रयोगशाळा काही करू शकत नाही. आमच्याकडे टेबलावर येतं ते घटनास्थळावरून उचललेलं असतं. जे उचललंच नाही त्याचा अहवाल कोण देणार?

गंमत बघा, ज्या पार्कचा जीव त्या पावलासाठी तुटतोय, तोच पुढे काय करतो? ग्वांग-हो या मतिमंद मुलावर संशय येतो, पुरावा काही मिळत नाही, तेव्हा पार्क त्याचा बूट घेऊन मातीत दाबतो आणि त्याचा फोटो काढतो. खरं पाऊल ट्रॅक्टरखाली गेलं, म्हणून खोटं तयार केलं. त्याच्या मनात त्या मुलाविषयी वैर नाही. ‘मी डोळ्यांत बघून माणूस ओळखतो’ यावर त्याची श्रद्धा आहे आणि पुराव्याने त्या श्रद्धेला साथ द्यावी एवढीच त्याची अपेक्षा आहे. असे तपासी अंमलदार मी पाहिलेत. वाईट माणसं नव्हती ती. खात्री झालेली माणसं होती.

मारहाणीबद्दल विचारलंत, तर तेही खरं आहे. चो नावाचा तो आडदांड डिटेक्टिव्ह संशयिताला लाथा घालण्याआधी आपल्या बुटावर कापडी खोळ चढवतो. अंगावर वळ उठू नयेत म्हणून. क्षणभर दिसतं आणि निघून जातं, पण मारणाऱ्याचा सराव किती जुना आहे ते त्या खोळीवरून कळतं. १९८०चं दशक म्हणजे कोरियात चुन दू-ह्वान यांची लष्करी राजवट. जानेवारी १९८७ मध्ये सोलमधला एक विद्यार्थी पोलीस कोठडीतल्या छळाने मेला आणि त्यातून त्या वर्षीचं मोठं लोकशाही आंदोलन पेटलं. चित्रपटात ज्या रात्री खून होणार असं वाटतं त्या रात्री जास्तीची कुमक मागितली जाते आणि उत्तर येतं की सगळे निदर्शनं दडपायला गेलेत. सरकारला आपल्या नागरिकांवर नजर ठेवायला माणसं होती. शेतातून एकट्या घरी येणाऱ्या बायांसाठी नव्हती. माझ्या मते या चित्रपटातला सगळ्यात रागाचा मुद्दा हाच आहे, आणि बाँग तो कुणाच्याही तोंडी न घालता सांगतात.

चित्रपटात खुनी पावसाच्या रात्री लाल कपड्यातल्या बाया गाठतो. त्या पाऊस आणि लाल कपड्यांविषयी एवढंच, की प्रत्यक्ष प्रकरणात ही बरीचशी दंतकथा होती. प्रत्येक खून पावसात झाला नव्हता. पण पटकथेसाठी पाऊस अगदी नेमका निवडलाय, कारण पाऊस माझ्या क्षेत्राचा जुना वैरी आहे.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे थोडं खोलात जावं लागेल.

१९८६ साली वीर्याचा डाग मिळाला तर प्रयोगशाळा काय सांगू शकत होती? फक्त रक्तगट. साधारण ८० टक्के लोकांच्या लाळेत, वीर्यात, योनीस्रावात त्यांच्या रक्तगटाचे अंश उतरतात. त्यांना आम्ही सिक्रीटर म्हणतो. डाग सिक्रीटरचा असेल तर गट कळायचा. पण बलात्काराच्या प्रकरणात डाग बहुतेकदा एकट्या पुरुषाचा नसतो. त्यात त्या स्त्रीचे स्राव मिसळलेले असतात. समजा पुरुष ओ गटाचा आणि ती बी गटाची. ओ गटात ना ए असतो ना बी, त्यामुळे तपासणीत बी ठळक दिसणार आणि नवशिका विश्लेषक ‘वीर्य बी गटाचं’ असं लिहून मोकळा होणार. म्हणून तिच्या रक्ताचा, लाळेचा नमुना आणि कपड्याच्या डाग नसलेल्या भागाचा तुकडा कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, हवाच. तो कित्येकदा पाठवलेलाच नसायचा.

ह्वासाँगमध्ये पोलिसांची ठाम समजूत होती की खुनी बी गटाचा आहे. जो माणूस पुढे खरा खुनी निघाला, ली चून-जे, त्याचीही त्या काळात चौकशी झाली होती. तो ओ गटाचा होता. बुटाचं मापही जुळलं नाही. त्याला सोडून दिलं. बी गट नेमका कुठल्या वाटेने आला हे मी इथे बसून सांगणार नाही, पण वर सांगितलेली मिसळ माझ्या स्वतःच्या टेबलावर मी अनेकदा पाहिलेली आहे. एका चुकीच्या अक्षराने दार बंद झालं आणि त्या दारामागे तो माणूस होता.

डीएनएचं काय? डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली लावला. १९८६ साली, म्हणजे ह्वासाँगचा पहिला खून झाला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ते पहिल्यांदा वापरलं गेलं. तिथे एका १७ वर्षांच्या मुलाने गुन्हा कबूल केला होता. डीएनएने सांगितलं, हा नव्हे. गुन्ह्याच्या तपासात डीएनएचं पहिलंच मोठं काम होतं ते एका निर्दोष मुलाला सोडवण्याचं. मी शिकवायला उभी राहते तेव्हा या गोष्टीपासून सुरुवात करते.

कोरियात तेव्हा ही सोय नव्हती. चित्रपटात नमुना अमेरिकेला जातो, प्रत्यक्षात नमुने जपानला पाठवले गेले. त्या काळच्या पद्धतीला बराच, आणि धडधाकट, डीएनए लागायचा. ठळक, ताजा डाग हवा. शेतात, दमट हवेत पडून राहिलेल्या कपड्यावरचा डीएनए जिवाणूंनी खाल्लेला असतो, लांब साखळीचे तुकडे झालेले असतात. तेव्हाची पद्धत अशा तुकड्यांपुढे हात टेकायची.

ओलीचा विषय निघालाच आहे म्हणून एक आठवण सांगते. एका जुलैमध्ये आमच्याकडे एक पार्सल आलं. लाखेचं सील शाबूत, नमुना सील जुळत होतं, पत्र व्यवस्थित. आत प्लास्टिकच्या पिशवीत एका मुलीची सलवार. घटनास्थळावरून ओलीच उचलली, पिशवीत कोंबली, गाठ मारली आणि ती पिशवी तीन आठवडे कुठल्यातरी कपाटात पडून होती. गाठ सोडली तर आधी वास आला. मग कापडावर हिरवी-काळी बुरशी दिसली, आणि जिथे डाग असायला हवा नेमकी तिथेच दाट. मी आणि माझी सहकारी, दोघी काही न बोलता थोडा वेळ तशाच उभ्या राहिलो. ती सलवार सावलीत वाळवून ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळली असती, तर? खर्च दोन रुपयांचा होता. अहवालात लिहिलं: वीर्य आढळून आले नाही. हे वाक्य खरं होतं, आणि त्या मुलीच्या दृष्टीने ते किती अपुरं होतं हे मला आजही बोचतं.

म्हणूनच ह्वासाँगच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माझा ऊर भरून येतो. तिथे कोणीतरी ते कपडे नीट ठेवले.

कोरियात तेव्हा खुनाच्या गुन्ह्यालाही खटल्याची मुदत होती, १५ वर्षं. शेवटचा खून एप्रिल १९९१ चा, म्हणून एप्रिल २००६ मध्ये सगळ्या प्रकरणांची मुदत संपली. (२०१५ साली खुनासाठी ही मुदत रद्द झाली, पण जी आधीच उलटून गेली होती तिला त्याचा उपयोग नव्हता.) मुदत संपलेला मुद्देमाल म्हणजे कोणत्याही गोदामात अडगळ. तरी तो राहिला. २०१० पासून कोरियात गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांचे डीएनए नमुने घेऊन साठा करायचा कायदा लागू झाला. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पोलिसांनी जुन्या वस्तू पुन्हा प्रयोगशाळेत पाठवल्या. आधी क्रमांक ५, ७ आणि ९ च्या प्रकरणांतल्या वस्तूंवर मिळालेला डीएनए साठ्यातल्या एका कैद्याशी जुळला. ली चून-जे. १९९४ साली मेहुणीच्या खुनासाठी पकडला गेलेला, जन्मठेप भोगत बुसानच्या तुरुंगात बसलेला. पुढे त्याने एकूण १४ खून कबूल केले.

इतक्या वर्षांनी हे कसं शक्य झालं? दोन कारणं. एक, आताची पद्धत डीएनएच्या अगदी छोट्या तुकड्यांवर चालते आणि त्या तुकड्यांच्या प्रती काढून वाढवते. एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी माल पुरतो. दुसरं कारण शुक्राणूंचं. शुक्राणूच्या डोक्याचं कवच भलतंच चिवट असतं. स्त्रीच्या पेशी आणि शुक्राणू मिसळलेले असले तर आधी सौम्य रसायनाने तिच्या पेशी फोडून त्यांचा डीएनए बाजूला काढतात. शुक्राणू तसेच राहतात. मग वेगळं रसायन घालून ते कवच उघडायचं. म्हणजे रक्तगटाच्या काळात जी मिसळ आम्हाला फसवायची, ती आता वेगळी करता येते. कापड कोरडं राहिलं असेल तर त्या कवचात डीएनए दशकानुदशकं टिकतो.

कोरड्या जागी ठेवलेलं कापड. वीस लाखांवर मनुष्यदिवस, २१ हजारांहून अधिक संशयितांची चौकशी, ४० हजारांवर लोकांचे बोटांचे ठसे, एवढा तो तपास अवाढव्य होता. कित्येक निरपराध माणसं भरडली गेली, त्यातल्या काहींनी पुढे आत्महत्या केल्या. आणि उत्तर कपड्याच्या काही धाग्यांत होतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की बाई विज्ञानाची आरती गाताहेत. थांबा. याच प्रकरणात विज्ञानाने एका माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त केलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझं उत्तर प्रामाणिक होणार नाही.

सप्टेंबर १९८८ मधलं आठवं प्रकरण. एका १३ वर्षांच्या मुलीचा तिच्या घरात खून झाला. जागेवर अंगावरचे केस मिळाले. ते केस अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली धरून त्यात कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते मोजलं गेलं, आणि शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या, पोलिओने पाय अधू झालेल्या एका २२ वर्षांच्या तरुणाच्या केसांशी ते जुळतात असा अहवाल आला. त्याला झोपू न देता, मारून कबुली घेतली. जन्मठेप झाली. वीस वर्षांनी तो सुटला. २०१९ मध्ये ली चून-जेने हाही खून कबूल केला आणि डिसेंबर २०२० मध्ये फेरसुनावणीत न्यायालयाने त्या माणसाला निर्दोष ठरवलं. त्या फेरसुनावणीत केसांचा अहवाल टिकला नाही.

केसातली मूलद्रव्यं माणसाच्या खाण्याप्रमाणे, पाण्याप्रमाणे, घामाप्रमाणे, कामाच्या धुळीप्रमाणे बदलतात. एकाच डोक्यावरच्या दोन केसांत फरक पडतो. त्यावरून ‘हाच तो माणूस’ म्हणता येत नाही. पण अणुभट्टी म्हटलं की न्यायालयही दबतं, वर्तमानपत्रंही दबतात. पार्कने बूट मातीत दाबला तो निदान उघड खोटेपणा होता. इथे तोच बूट पांढऱ्या कोटातल्या माणसांनी दाबला.

आता चित्रपटाकडे परत येऊ या. बहुतेक जण म्हणतात की पार्क म्हणजे अंदाज आणि सोलहून आलेला सो म्हणजे शास्त्र, आणि दोघांची टक्कर म्हणजे हा चित्रपट. मला ते अर्धवट वाटतं. सो सुरुवातीला म्हणतो, कागद कधी खोटं बोलत नाहीत. जुन्या फाइली उपसून तोच शोधतो की आणखी एक बाई बेपत्ता आहे आणि तीही मारली गेली असणार. मला तो फार जवळचा वाटतो. मग ती शाळकरी मुलगी मरते. काही दिवसांपूर्वी त्यानेच तिच्या पाठीवर लावलेली चिकटपट्टी प्रेतावर तशीच असते. त्या पट्टीने सो आतून मोडतो. बोगद्यापाशी, रुळांवर, पावसात तो त्या तरुणाला बदडत असतो तेव्हा पार्क अमेरिकेहून आलेला अहवाल घेऊन येतो. इंग्रजीत आहे. डीएनए जुळत नाही, याला खुनी म्हणता येत नाही. आणि सो म्हणतो, हा कागद खोटं बोलतोय.

ज्याने आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवला त्याच्या तोंडी हे वाक्य आहे. अहवाल आपल्या मनासारखा आला नाही की तो खोटा वाटायला लागतो, हे पोलिसांचंच नाही, आमचंही होतं. एखाद्या लहान मुलीच्या प्रकरणात, आरोपी समोर बसलाय, सगळी परिस्थिती त्याच्याकडे बोट दाखवतेय आणि यंत्रावरचे आकडे म्हणतात ‘हा नव्हे’. तेव्हा हात पुन्हा एकदा चाचणी लावायला धावतो. पुन्हा लावावीच, पण तेच उत्तर आलं की सही करावी लागते. केसांच्या अहवालाच्या प्रकरणात हीच सही नको त्या बाजूने झाली.

आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम २५ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे. इंग्रजांनी का होईना, ही भिंत घालून ठेवली हे मला मोलाचं वाटतं. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या प्रक्रिया कायद्याने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञाने जाणं बंधनकारक केलंय. राज्यांना त्यासाठी मुदत दिली आहे. तालुक्याच्या गावात, पावसाळ्यात, रात्री दोन वाजता कोण पोहोचणार हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. मला त्याची काळजी वाटते.

शेवटचा प्रश्न: कारखान्यातला तो तरुण खुनी होता की नव्हता? त्याचे हात मऊ आहेत, आणि हल्ल्यातून जिवंत सुटलेल्या बाईने सांगितलं होतं की खुन्याचे हात मऊ होते. खुनाच्या रात्री रेडिओवर लागणाऱ्या त्या उदास गाण्याची फर्माईश त्याचीच. बाँग आपल्याला पुरता सो बनवतात. आपल्यालाही तो हवा असतो. पण अहवाल म्हणतो ‘जुळत नाही’. अहवाल चुकीचा असू शकतो का? त्या काळच्या पद्धतीत खराब झालेल्या नमुन्यातून सहसा काहीच निष्कर्ष निघायचा नाही. ‘निष्कर्ष नाही’ आणि ‘जुळत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि चित्रपटातल्या कागदावर दुसरं आहे. मी तो तरुण निर्दोष धरते. पार्क त्याच्या डोळ्यांत बघतो आणि त्यालाही काही कळत नाही. मग तो त्याला विचारतो, ‘जेवतोस ना नीट?’ हे वाक्य साँग कांग-हो यांनी चित्रीकरणाच्या वेळी स्वतः सुचवलेलं.

शेवटी २००३ साल येतं. पार्क पोलीस खातं सोडून ज्यूसरचा विक्रेता झालाय. सुरुवातीला ज्या पाटात पहिलं प्रेत सापडलं होतं, त्याच पाटाच्या काठी तो वाकून आत बघतो. एक शाळकरी मुलगी सांगते की मागे आणखी एक माणूस असाच बघत होता, म्हणाला की फार पूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं. दिसायला कसा होता? चारचौघांसारखा. आणि पार्क सरळ आपल्याकडे बघतो. खुनी कधीतरी हा चित्रपट पाहील, तेव्हा पडद्यावरून त्याच्या नजरेला नजर भिडावी अशी बाँग यांची इच्छा होती.

नोव्हेंबर २०२० मध्ये ली चून-जे साक्षीदार म्हणून न्यायालयात आला, त्या पोलिओ झालेल्या माणसाच्या फेरसुनावणीत. त्याला चित्रपटाबद्दल विचारलं. त्याने तो तुरुंगात पाहिला होता. चित्रपट म्हणून पाहिला, काही वाटलं नाही, असं त्याने सांगितलं. पार्कची ती नजर त्याच्यापर्यंत पोहोचली आणि त्याच्या डोळ्यांत काही सापडलं नाही. त्याच्याविरुद्ध जे सापडलं, ते त्या मुलींच्या कपड्यांवर होतं.